नकाशा आधी, मतदान नंतर: नॉर्थ कॅरोलिनातल्या एका नव्या मतदाराला उत्तर

प्रश्न: मी डरहममध्ये राहतो आणि नुकताच अमेरिकेचा नागरिक झालो आहे. मतदार नोंदणीचा अर्ज भरत होतो तेव्हा ऑफिसमधला सहकारी म्हणाला, "काँग्रेससाठी मत द्यायला कशाला जातोस? इथला निकाल नकाशातच लागलेला असतो." (काँग्रेस म्हणजे इथली संसद.) हे कितपत खरं आहे? गेरीमँडरिंगमुळे, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आपल्या फायद्याच्या आखल्यामुळे, साध्या मतदाराचं नेमकं काय बिघडतं? आणि आपल्याकडे प्रभाग रचनेवरून जी भांडणं चालतात, तेच हे आहे का?

उत्तर:

तुमचा सहकारी नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीच्या निकालापुरतं बोलत असेल तर फारसं चुकीचं बोलत नाही. डरहम ज्या ४ थ्या मतदारसंघात येतं तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार निवडून येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण त्यावरून मत फुकट जातं असा निष्कर्ष काढला तर तो मला मान्य नाही. अशा मतदारसंघात खरी निवडणूक नोव्हेंबरमधून उचलून प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, नेलेली असते, आणि हे बहुतेक मतदारांना कोणी सांगत नाही. त्यामुळे तिथे हजर राहणाऱ्या मूठभरांचीच मर्जी उमेदवाराला राखावी लागते. बाकीच्यांची गरजच संपते. कोणत्या पक्षाने किती जागा लाटल्या यावर वर्तमानपत्रं भरपूर लिहितात; माझ्या मते मोठं नुकसान हे गरज संपण्याचं आहे.

माझं काम मतदारसंघांचे नकाशे तपासण्याचं. जनगणनेचे आकडे, जुने निकाल आणि हद्दी एकमेकांवर ठेवायच्या आणि कुणाला कुठे ढकललंय ते शोधायचं. बरीच वर्षं हेच करत असल्यामुळे उत्तर थोडं लांबेल आणि मध्ये गणितही येईल.

आधी पाया. काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की त्या राज्यांमध्ये वाटल्या जातात, आणि आपल्या वाट्याच्या जागांचे मतदारसंघ बहुतेक राज्यांत तिथलं विधिमंडळच आखतं. म्हणजे निवडून आलेले लोकच. २०२० च्या जनगणनेनंतर नॉर्थ कॅरोलिनाला १४ जागा आल्या, प्रत्येकी सुमारे ७ लाख ४५ हजार लोकांची. इथे मोजतात ती माणसं, मतदार नव्हेत. लहान मुलं, ग्रीन कार्डवाले, एच-वन-बीवाले, सगळे. तुम्ही तेव्हा इथे असाल तर नागरिक नसतानाही त्या ७ लाख ४५ हजारांत कुठेतरी मोजले गेला आहात. (तुरुंगातला कैदीही बऱ्याच राज्यांत तुरुंगाच्या पत्त्यावर मोजला जातो. तो मत देऊ शकत नाही, पण ज्या गावात तुरुंग आहे तिथल्या मतदाराचं वजन त्याच्यामुळे वाढतं. तो एक वेगळाच विषय आहे.)

लोकसंख्येच्या समानतेबाबत इथली न्यायालयं कमालीची काटेकोर आहेत. १९६४ पर्यंत जॉर्जियात अटलांटाच्या मतदारसंघात ८ लाख २३ हजार लोक होते आणि त्याच राज्याच्या ९ व्या मतदारसंघात २ लाख ७२ हजार. वेसबेरी विरुद्ध सँडर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. आज नॉर्थ कॅरोलिनाच्या मतदारसंघांत एका माणसाचा फरक असतो. एका! सगळ्यांना सारखंच मिळालं असं वाटतं ते त्यामुळे. पण माणसं समान वाटूनही निकाल हवा तसा वळवता येतो, आणि ते फार सोपं आहे.

समजा एका राज्यात ५०० मतदार आहेत, २५० एका पक्षाचे, २५० दुसऱ्याचे. पाच मतदारसंघ करायचे, प्रत्येकी १०० चे. पहिल्या पक्षाच्या हातात पेन्सिल आहे. तो चार मतदारसंघ असे आखतो की प्रत्येकात आपले ५५ आणि समोरचे ४५. उरलेल्या पाचव्यात आपले ३० आणि समोरचे ७०. बेरीज करून बघा, दोघांचे २५० च भरतात. जागा मात्र ४ विरुद्ध १. यात दोनच युक्त्या आहेत. विरोधकांना चार ठिकाणी फोडलं आणि उरलेले एका ठिकाणी कोंबले. कितीही मोठं राज्य घ्या, तज्ज्ञांचे कितीही जाड अहवाल वाचा, मूळ या दोनच गोष्टी.

प्रत्यक्ष काम संगणकावर चालतं. पडद्यावर डावीकडे नकाशा, उजवीकडे तक्ता. एक प्रिसिंक्ट (एका मतदान केंद्राचा भाग) माऊसने उचलून शेजारच्या मतदारसंघात टाकला की तक्त्यातले आकडे लगेच बदलतात: लोकसंख्या किती वाढली, गोरे किती, कृष्णवर्णीय किती, गेल्या अध्यक्षीय निवडणुकीत इथे कोणाला किती मतं पडली. प्रिसिंक्टही जाड वाटला तर जनगणनेच्या ब्लॉकपर्यंत, म्हणजे चार रस्त्यांमधल्या एका चौकोनापर्यंत उतरता येतं. कसलेला नकाशाकार आपल्या पक्षाच्या जागा साधारण ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवायला बघतो. ५१ वर ठेवली तर एखाद्या लाटेत जागा जाते, ६५ वर ठेवली तर दहा टक्के मतं दुसरीकडे वापरता आली असती ती पडून राहतात. हावरटपणा अंगाशीही येतो. टेक्सासात रिपब्लिकनांनी २०११ मध्ये आखलेल्या नकाशात ह्यूस्टन आणि डॅलसच्या उपनगरांतल्या दोन जागा त्यांना घरच्या वाटत होत्या. २०१८ मध्ये दोन्ही डेमोक्रॅटांनी जिंकल्या, कारण दरम्यान उपनगरंच बदलली होती.

लोक फसतात ते आकाराला. वाकडातिकडा मतदारसंघ दिसला की बोट दाखवायचं ही सवय जुनी आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या सहीने झालेल्या एका मतदारसंघाचं सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या रूपातलं व्यंगचित्र छापून आलं तेव्हापासूनची. पण आकारावरून फार काही सिद्ध होत नाही. शिकागोचा ४ था मतदारसंघ कित्येक वर्षं कान झाकायच्या पट्टीसारखा होता. दोन लॅटिनो वस्त्या, मध्ये एका महामार्गाच्या कडेने गेलेली चिंचोळी पट्टी. दिसायला भयंकर, पण हेतू होता लॅटिनो मतदारांना एक तरी प्रतिनिधी मिळावा हा. उलट तुमच्या राज्याचा २०१६ चा नकाशा बघा. आधीच्या नकाशापेक्षा कितीतरी सुबक, रेषा सरळ, काउंट्या (इथले जिल्हे) बऱ्याचशा अखंड. तो विधिमंडळात मांडताना डेव्हिड लुईस या रिपब्लिकन आमदाराने उघड सांगितलं होतं की १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट निवडून यावेत असा नकाशा हवा, कारण ११ विरुद्ध २ करता येईल असं त्यांना वाटत नव्हतं. लपवाछपवी काही नाही. तेव्हा वांशिक आधारावर रेषा ओढल्याबद्दल आधीचा नकाशा न्यायालयात पडला होता, त्यामुळे "आमचा हेतू वांशिक नाही, पक्षीय आहे" असं ठणकावून सांगणं हाच त्यांचा बचाव होता.

त्या सुबक नकाशात ग्रीन्सबरोला काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथे नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं मोठं विद्यापीठ आहे. ६ व्या आणि १३ व्या मतदारसंघांची हद्द थेट त्याच्या आवारातून गेली. वसतिगृह एका मतदारसंघात, वाचनालयाकडे चालत निघालं की दुसरा. हजारो विद्यार्थ्यांची मतं दोन भागांत पडली, आणि दोन्ही ठिकाणी रिपब्लिकन खासदार आरामात निवडून आले. विद्यार्थ्यांची मागणी घेऊन जायचं तर नेमकं कोणाकडे, हेच अनेकांना कळत नव्हतं. ही रेषा २०१९ च्या नकाशात गेली.

मग हेतू सिद्ध कसा करायचा? त्यासाठी आम्ही संगणकाला पक्षाची माहिती न देता हजारो नकाशे काढायला लावतो. नियम तेच: लोकसंख्या समान, मतदारसंघ सलग, काउंट्या शक्यतो अखंड. मग जुनी मतं त्या प्रत्येक नकाशात ओतून किती जागा येतात ते मोजायचं. नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यात एका तज्ज्ञाने असे २४,५१८ नकाशे काढले होते. त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नकाशांत डेमोक्रॅटांना प्रत्यक्षातल्यापेक्षा किमान एक जागा जास्त मिळत होती. म्हणजे १० विरुद्ध ३ हा निकाल राज्याच्या भूगोलातून आपोआप आलेला नव्हता, तो मुद्दाम शोधून काढलेला होता.

हा पुरावा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि जून २०१९ मध्ये रुचो विरुद्ध कॉमन कॉज या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी असा अतिरेक लोकशाही तत्त्वांशी विसंगत असल्याचं मान्य केलं, पण पक्षीय हेतूने आखलेल्या मतदारसंघांवर निवाडा देणं हे संघीय न्यायालयांचं काम नव्हे असं म्हटलं. दार बंद झालं ते फक्त संघीय न्यायालयांचं. वांशिक भेदभावाचे खटले तिथे पुढेही चालले. अलाबामात सातपैकी एकाच जागेवर कृष्णवर्णीय मतदारांचं वर्चस्व होतं, लोकसंख्येत ते चौथ्या हिश्शाहून जास्त असूनही; २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२४ मध्ये तिथून दुसरा कृष्णवर्णीय खासदार निवडून आला. पक्षीय हेतूचं भांडण मात्र राज्यांच्या न्यायालयांत उतरलं. पेन्सिल्वेनियात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच नकाशा रद्द केला होता. २०१२ मध्ये तिथे डेमोक्रॅटांना निम्म्याहून थोडी जास्त मतं पडूनही १८ पैकी ५ जागा मिळाल्या होत्या. नवा नकाशा आला आणि पहिल्याच निवडणुकीत ९ विरुद्ध ९ झालं.

तुमच्या राज्यात मात्र न्यायालयाचंच पारडं फिरलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या राज्यघटनेत "सर्व निवडणुका मुक्त असतील" अशा अर्थाचं एक छोटं कलम आहे. त्याच्या आधारे २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचा नकाशा फेटाळला आणि न्यायालयाने घालून दिलेल्या नकाशावर ७ विरुद्ध ७ असा निकाल लागला. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांचीही निवडणूक होती (हो, इथे न्यायाधीश पक्षाच्या नावावर निवडून येतात), आणि न्यायालयातलं बहुमत डेमोक्रॅटांकडून रिपब्लिकनांकडे गेलं. नव्या बहुमताने खटला पुन्हा ऐकायला घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये, त्याच कलमाच्या आधारे, पक्षीय नकाशात आम्ही पडणार नाही असा उलटा निकाल दिला. विधिमंडळाने लगेच नवा नकाशा आणला. २०२४ चा निकाल १० रिपब्लिकन विरुद्ध ४ डेमोक्रॅट. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला आणि राज्याचा गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना निवडलं. राज्य असं दोन्ही बाजूंना झुकू शकणारं, आणि काँग्रेसमधलं प्रतिनिधित्व १० विरुद्ध ४. गव्हर्नर मध्ये पडू शकत नाही का, असं विचाराल. नाही. मतदारसंघांच्या कायद्यावर नकाराधिकार वापरायची मुभा इथल्या गव्हर्नरला नाही.

२०१२ ते २०२४ या काळात नॉर्थ कॅरोलिनाने काँग्रेससाठी पाच वेगवेगळे नकाशे वापरले. त्याच घरात राहणारा माणूस तीन-तीन मतदारसंघांतून फिरून आला. याचा त्रास आपल्या लोकांना कुठे जाणवतो सांगतो. आई-वडिलांचा व्हिसा, अडकलेला पासपोर्ट, वर्षानुवर्षं पडून राहिलेली इमिग्रेशनची फाइल, अशा वेळी खासदाराच्या कार्यालयातली मंडळी तुमच्या वतीने सरकारी खात्याला विचारणा करतात. तुम्ही मत कोणाला दिलं ते ते विचारत नाहीत, तुम्ही मतदारसंघातले आहात का एवढंच बघतात. हद्द बदलली की कार्यालय बदलतं, ओळखीचा कर्मचारी जातो, आणि बऱ्याचदा नवं संमतीपत्र भरण्यापासून पुन्हा सुरुवात होते.

आता मूळ दुखणं. २०२३ च्या नकाशात गिलफर्ड काउंटी, म्हणजे ग्रीन्सबरोचा परिसर, तीन मतदारसंघांत वाटली गेली. ६ व्या मतदारसंघाच्या डेमोक्रॅटिक खासदार कॅथी मॅनिंग यांनी आकडे पाहिले आणि पुन्हा उभं न राहायचं ठरवलं. त्यांच्या जागी दुसरा डेमोक्रॅटही अर्ज भरायला पुढे आला नाही. रिपब्लिकन प्रायमरीत सहा उमेदवार होते. ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले ॲडिसन मॅकडॉवेल सुमारे २६ टक्के मतं घेऊन पहिले आले. ३० टक्क्यांची अट कोणीच पार न केल्यामुळे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान व्हायचं होतं, पण दुसऱ्या क्रमांकाच्या मार्क वॉकर यांनी माघार घेतली. झालं. नोव्हेंबरमध्ये समोर फक्त एका छोट्या पक्षाचा उमेदवार. मार्चमधल्या एका पक्षाच्या प्रायमरीत मत देणाऱ्यांच्या पाव हिश्शाने साडेसात लाख लोकांचा खासदार ठरवला.

तिथल्या डेमोक्रॅटिक मतदाराचा तोटा तर उघडच दिसतो. पण सौम्य विचारांच्या रिपब्लिकन मतदाराचाही तेवढाच तोटा झाला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबरची भीती असती तर उमेदवाराला त्याच्या दारी जावं लागलं असतं. भीती फक्त प्रायमरीची असेल तर तो प्रायमरीत येणाऱ्या कट्टर मतदाराचंच ऐकणार. वॉशिंग्टनमध्ये कोणी कोणाशी तडजोड करायला तयार नसतं त्याची कारणं बरीच आहेत, सगळी नकाशात सापडणार नाहीत. पण तडजोड करणाऱ्या खासदाराला त्याच्याच पक्षातून आव्हान मिळण्याचा धोका समोरच्या पक्षाकडून हरण्यापेक्षा मोठा असेल, तर त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे?

कोंबलेल्या मतदारसंघांतही तेच होतं. तुमच्याच ४ थ्या मतदारसंघात २०२२ मध्ये डेव्हिड प्राइस निवृत्त झाले, जागा मोकळी झाली, आणि खरी लढत डेमोक्रॅटिक प्रायमरीत झाली. त्यात बाहेरच्या राजकीय गटांनी लाखो डॉलर ओतले. कमी मतदानाच्या निवडणुकीत पैशाला जास्त भाव येतो, हे त्या गटांना मतदारांच्या आधी कळलेलं असतं.

यावरून हा रिपब्लिकनांचाच खेळ आहे असं समजू नका. मेरीलँडमध्ये डेमोक्रॅटांनी २०११ मध्ये ६ वा मतदारसंघ बदलला. लोकसंख्या जुळवायला सुमारे १० हजार माणसं हलवणं पुरेसं होतं. त्यांनी साडेतीन लाखांच्या वर बाहेर काढली आणि जवळपास तेवढीच आत आणली. वीस वर्षं निवडून येणारे रिपब्लिकन रॉस्को बार्टलेट २०१२ मध्ये पडले. इलिनॉयमध्ये २०२१ चा नकाशा डेमोक्रॅटांचा. तिथे १७ पैकी १४ जागा त्यांच्या. पेन्सिल हातात आली की सगळेच सारखे.

शिवाय प्रत्येक एकतर्फी निकालामागे लबाडीच असते असंही नाही, आणि इथे माझ्या बाजूचे उत्साही लोक नेहमी घसरतात. मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकनांना साधारण एक तृतीयांश मतं पडतात, पण १९९७ पासून तिथून प्रतिनिधीगृहात एकही रिपब्लिकन गेलेला नाही. ते मतदार राज्यभर इतके सारखे पसरलेले आहेत की प्रामाणिकपणे नकाशा काढला तरी त्यांची बहुसंख्या होईल असा मतदारसंघ सापडणं कठीण. उलट डेमोक्रॅट शहरांत दाटीवाटीने राहतात, त्यामुळे काही प्रमाणात ते आपणहून कोंबले जातात. म्हणून तर ते हजारो नकाशे काढावे लागतात; भूगोलाचा वाटा किती आणि हाताचा किती, ते वेगळं करण्यासाठी.

उपाय म्हणून लोक स्वतंत्र आयोगाचं नाव घेतात. कॅलिफोर्नियात १४ नागरिकांचा आयोग आहे: ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ कोणत्याच पक्षाचे नसलेले. तिथे जाऊन कोणीही सांगू शकतं की आमची वस्ती अखंड ठेवा. फ्रीमाँट, सांता क्लारा, सनीवेल हा आपली मराठी माणसं भरपूर असलेला पट्टा आज ज्या १७ व्या मतदारसंघात आहे, तो आशियाई वंशाच्या लोकांची बहुसंख्या असलेला झाला तो याच आयोगाच्या २०११ च्या नकाशात.

मिशिगनचा आयोग २०१८ च्या सार्वमतातून आला, आणि तिथली गोष्ट मराठी वाचकाला जवळची आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये गेले तो मतदारसंघ याच आयोगाने आखलेला. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार, त्यात ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं. नोव्हेंबर ही औपचारिकता. आपल्याकडे कौतुकाच्या बातम्या आल्या, आणि याव्यातच. पण डेट्रॉइटमध्ये त्या वेळी चर्चा वेगळी होती: बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या या शहराला १९५५ नंतर पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. आयोगाने कोंबलेले मतदार मोकळे करण्यासाठी शहराचे तुकडे उपनगरांना जोडले होते. राज्य विधिमंडळासाठी डेट्रॉइट परिसरात त्यांनी आखलेले १३ मतदारसंघ तर संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द केले. हेतू चांगला असला तरी रेषा कुठेतरी ओढावीच लागते, आणि कोणाची तरी वस्ती तिच्या पलीकडे जातेच. तरी मला विचाराल तर मी आयोगच निवडेन. त्यांची कामं उघड्यावर होतात, चूक पकडता येते.

२०२५ मध्ये मात्र आयोगांनाही फटका बसला. टेक्सासने जनगणनेची वाट न बघता मध्येच नवा नकाशा केला, रिपब्लिकनांना पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव ५० मंजूर करून आपल्याच आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला. मिसुरीने कॅन्सस सिटी फोडलं. नॉर्थ कॅरोलिनाने ऑक्टोबरमध्ये १ ला मतदारसंघ बदलला. राज्यात खरी चुरस उरलेली जवळजवळ ती एकच जागा होती, २०२४ मध्ये डॉन डेव्हिस तिथून दोन टक्क्यांहून कमी फरकाने जिंकले होते. १९९२ पासून तो मतदारसंघ कृष्णवर्णीय खासदार पाठवत आला आहे. इंडियानात मात्र रिपब्लिकनांचंच बहुमत असलेल्या सिनेटने डिसेंबरमध्ये असा नकाशा फेटाळला, हेही नोंदवायला हवं.

आता प्रभाग रचनेचा प्रश्न. नातं आहे, पण लोकसभेशी नाही. लोकसभा-विधानसभेच्या हद्दी परिसीमन आयोग ठरवतो, अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश. खासदार-आमदार सहयोगी सदस्य असतात पण त्यांना मत नसतं. तिथलं आपलं दुखणं १९६४ च्या आधीच्या जॉर्जियासारखं आहे. राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या. तेलंगणात मल्काजगिरीला ३० लाखांहून जास्त मतदार आणि लक्षद्वीपला ६० हजारांहून कमी. महापालिकांचं मात्र वेगळं. २०२२ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. मुंबईचे प्रभाग एका सरकारने २२७ चे २३६ केले, पुढच्या सरकारने पुन्हा २२७. पुण्यात चार-चार सदस्यांचे प्रभाग झाले तेव्हा कोणाची वस्ती कुठे जोडली यावर चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत चर्चा होती. निवडणुकीत उतरणारेच हद्दी ठरवतात, हा गेरीमँडरिंगचा गाभा तिथे आहे. फरक इतकाच की आपल्याकडे उमेदवार पक्ष बदलतात, आघाड्या बदलतात, त्यामुळे जुन्या मतांवरून पुढचा अंदाज बांधणं अमेरिकेइतकं सोपं जात नाही.

तर तुम्ही काय करायचं. नोंदणी करताना कोणत्याही पक्षाशी न जोडलेला मतदार म्हणून नोंद केली तर नॉर्थ कॅरोलिनात तुम्हाला दर वेळी कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं ते निवडता येतं. डरहममध्ये काँग्रेसपुरती ती निवड जवळपास ठरलेलीच आहे, पण चुकवू नका. तिथलं एक मत नोव्हेंबरमधल्या मतापेक्षा कितीतरी जड असतं. दर निवडणुकीआधी राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून मतदारसंघ तपासा, मागच्या वेळचा गृहीत धरू नका. राज्य विधिमंडळाच्या जागेकडे लक्ष ठेवा, नकाशा तेच लोक काढतात.

आणि मतपत्रिका पुरी भरा. एका खुणेत पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय या राज्याने २०१३ च्या कायद्याने काढून टाकली, त्यामुळे वरची दोन-तीन नावं भरून बाकी सोडून देणारे बरेच असतात. न्यायाधीश तिथेच खाली असतात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची निवडणूक राज्यभरातून होते, तिथे फोडायला आणि कोंबायला मतदारसंघच नाही. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी ५५ लाखांवर मतं पडली आणि ॲलिसन रिग्ज ७३४ मतांनी जिंकल्या. निकाल पक्का व्हायला पुढच्या मे महिन्यापर्यंत न्यायालयीन भांडण चाललं. रुचो खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नकाशाविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलांपैकी त्या एक होत्या. तुमच्या सहकाऱ्याने त्या वेळी मत दिलं होतं का, ते त्याला विचारून बघा.